४७ फुटांची भिंत आणि आजीचे गोंदण : जळगावातील एका फोटो स्टुडिओविषयी

जळगावच्या जुन्या भागात एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या फोटो स्टुडिओत मी डिसेंबर महिन्यात तीनदा गेले. पहिल्यांदा घरातील जुने फोटो दुरुस्तीला देण्यासाठी, दुसऱ्यांदा तेथे रविवारी सकाळी होणाऱ्या अडीच तासांच्या सत्रासाठी आणि तिसऱ्यांदा एक चूक सुधारून घेण्यासाठी. दुरुस्ती आणि सत्र या दोन वेगळ्या सेवा म्हणून तेथे सांगितल्या जातात व त्यांचे पैसेही वेगळे घेतले जातात. परंतु मी दोन्हींचा अभिप्राय एकत्र लिहीत आहे, कारण एक घेतल्यावाचून दुसरीचे मोल मला कळले नसते. स्टुडिओचे मालक सत्तरीचे आहेत आणि येणारेजाणारे सगळे त्यांना नाना म्हणतात. हाताशी असलेली कामेच आवरत नाहीत, तेव्हा नाव छापू नये, अशी त्यांनी विनंती केल्यामुळे स्टुडिओचे नाव येथे देत नाही.

पहिल्या भेटीत मी दोन फोटो नेले होते. त्यांपैकी एकात फेटा बांधलेले, गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीत बसलेले एक गृहस्थ आहेत. हे आमचे खापरपणजोबा आणि हा फोटो सत्तावन्नच्या बंडाच्या वेळचा, असे आमच्या घरात तीन पिढ्या सांगितले जाते. नानांनी पांढरे सुती हातमोजे घातले, फोटो खिडकीजवळ तिरका धरला आणि मग डोळ्याला भिंग लावून बराच वेळ काही न बोलता पाहिले. नंतर त्यांनी मलाही भिंगातून पाहायला लावले. त्या काळातले कागदावरचे बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापलेले असत. तो कागद १८५० मध्ये फ्रान्समधील ब्लँकार-एव्हरार यांनी प्रचारात आणला आणि भिंगाखाली त्याचे तंतू स्पष्ट दिसतात. आमच्या फोटोत एकही तंतू दिसत नव्हता. कागदावर आधी पांढऱ्या खनिजाचा गुळगुळीत थर, त्यावर जिलेटिन, आणि फोटोच्या काळ्या भागांच्या कडेला आरशासारखी चंदेरी झाक होती. असा कागद एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस रुळला. म्हणजे फोटोतले गृहस्थ खापरपणजोबा नसून बहुधा त्यांचे चिरंजीव असावेत. घरातली एक आवडती गोष्ट पाच मिनिटांत मोडली, याचे मला वाईट वाटले; पण ग्राहकाला बरे वाटावे म्हणून होय म्हणणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि पुरावा हातात देऊन नाही म्हणणारे फार थोडे. या सांगण्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

दुसरा फोटो माझ्या आईच्या आईचा, म्हणजे अमळनेरच्या आजीचा होता. त्याच्या मधोमध घडी पडली होती, उजव्या कोपऱ्याला कसर लागली होती आणि संपूर्ण फोटोवर पिवळट डाग होते. तो दुरुस्तीला देऊन मी निघाले. निघताना नाना म्हणाले, "ताई, रविवारी भिंत बघायला या. फोटो घेऊन जाण्याआधी भिंत बघितलेली बरी."

ही भिंत म्हणजे जिन्यापासून मागच्या डार्करूमपर्यंत गेलेली एक पट्टी आहे. १८२६ पासून १८८८ पर्यंत एका वर्षाला नऊ इंच, अशी ६३ वर्षांची सुमारे ४७ फूट लांबीची. तिला तीन ओळी आहेत. वरच्या ओळीत छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळातील शोध आणि फोटो, मधल्या ओळीत जगात त्याच वेळी काय चालले होते ते, आणि खालच्या ओळीत हिंदुस्थान, महाराष्ट्र व जमेल तेथे खानदेश. कल्पना साधी आहे. परंतु वर्ष सोडून पुढे जाता येत नाही, प्रत्येक नऊ इंचांवर थांबून मान वर आणि खाली करावी लागते, त्यामुळे शाळेत वेगवेगळ्या तासांना शिकलेल्या गोष्टी एकाच उभ्या रेषेवर येऊन भेटतात. आम्ही आठ जण होतो, त्यांत दोन कॉलेजची मुले आणि भुसावळहून आलेले एक निवृत्त रेल्वे कर्मचारी.

पट्टीची सुरुवात निसेफोर न्येप्स यांच्या फोटोने होते. फ्रान्समधील आपल्या घराच्या खिडकीतून त्यांनी १८२६ किंवा १८२७ मध्ये कथील-शिशाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर घेतलेले ते दृश्य. पत्र्यावर एक प्रकारचे डांबर लावलेले होते. जेथे ऊन पडले तेथे ते कडक झाले, जेथे सावली होती तेथे ते तेलाने धुऊन निघाले. निदान आठ तास तो पत्रा उन्हात होता, म्हणून अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकाच वेळी ऊन दिसते. याच्या बरोबर खाली, तिसऱ्या ओळीत, खानदेशात १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी उभारलेल्या भिल्ल पलटणीची नोंद आहे. धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे. तेव्हा ही नोंद मला उगीच जागा भरल्यासारखी वाटली होती. ती तशी नव्हती, हे पुढे ३१ वर्षे चालून गेल्यावर कळले.

१८३९ या वर्षाजवळ नाना सर्वांत जास्त थांबतात आणि ते योग्यच आहे. ७ जानेवारीला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत शास्त्रज्ञ अरागो यांनी दागेर यांच्या शोधाची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो काढण्याच्या कृतीची, घोषणा केली. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये टॅल्बट यांनी आपली कागदावरची पद्धत पुढे आणली, कारण ते १८३४ पासून तेच करत होते आणि मागे पडल्याची त्यांना धास्ती वाटली. मार्चमध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी या विद्येसाठी ग्रीक शब्दांवरून बेतलेले 'फोटोग्राफी' हे नाव रॉयल सोसायटीपुढे वापरले. फोटो धुणारा प्रत्येक माणूस ज्याला नुसते हायपो म्हणतो, ते रसायनही फोटो पक्का करण्यासाठी त्यांनीच सुचवले. त्याचा गुणधर्म त्यांना १८१९ पासून माहीत होता. १९ ऑगस्टला दागेर यांची पूर्ण कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारने दागेर यांना वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्यांचे दिवंगत भागीदार न्येप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक निवृत्तिवेतन देऊन हा शोध जगाला मोकळा केला, फक्त इंग्लंडमध्ये दागेर यांनी पाच दिवस आधीच पेटंट घेऊन ठेवले होते. हे सगळे वरच्या ओळीत. मधल्या ओळीत चीनशी सुरू झालेले अफूचे युद्ध, ज्या अफूचा मोठा भाग आपल्या सातपुड्यापलीकडच्या माळव्यातून मुंबई बंदरात जात असे. आणि खालच्या ओळीत, १९ ऑगस्टनंतर जेमतेम काही आठवड्यांनी, सप्टेंबरमध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने गादीवरून काढून काशीला पाठवले. ज्या वर्षी चेहरा जतन करण्याची विद्या जगाला मिळाली, त्याच वर्षी सातारची गादी अशी रिकामी करण्यात आली, हे शेजारी शेजारी वाचताना आमच्यातील कोणीच काही बोलले नाही.

या वर्षाच्या जरा आधी, १८३८ च्या चौकटीत, दागेर यांनी पॅरिसमधील एका रुंद रस्त्याचा वरून घेतलेला फोटो आहे. भर दिवसाचा, रहदारीचा रस्ता. पण फोटोत सगळा ओसाड, कारण काही मिनिटांच्या उघडझापीत चालती माणसे आणि धावत्या गाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. उमटला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेत एका पायावर उभा राहिलेला माणूस. माणूस दिसणारा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना फोटो तो हाच मानतात. कॉलेजच्या मुलाने विचारले, "नाना, मग पॉलिश करणारा?" नानांनी त्याच्या हाती भिंग दिले. तोही आहे, वाकलेला आणि पुसट. हात चालू होते ना.

फ्रान्सच्याच बायार यांची चौकट मात्र मला अपुरी वाटली. त्यांनीही १८३९ मध्येच कागदावर थेट फोटो काढण्याची स्वतंत्र पद्धत शोधली होती, अरागो यांच्या सांगण्यावरून ते गप्प बसले आणि मान दागेर यांना मिळाला. १८४० मध्ये त्यांनी बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचाच फोटो काढून निषेध नोंदवला. इतक्या विलक्षण फोटोची पट्टीवरची छपाई इतकी काळवंडलेली आहे की चेहरा ओळखू येत नाही. मूळ फोटोच मऊ आहे हे मान्य केले तरी, ज्यांचा व्यवसायच छपाई आहे त्यांच्या भिंतीवर हे शोभत नाही.

१८४८ ची चौकट मी पुन्हा पाहायला जाणार आहे. वर, लंडनच्या केनिंग्टन मैदानावर १० एप्रिलला जमलेल्या, मतदानाचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांच्या सभेचा किलबर्न यांनी घेतलेला फोटो आणि जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यात उभारलेल्या मोर्चेबंदीचा फोटो. मध्ये, त्या वर्षी युरोपभर पेटलेली बंडे. खाली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सुरू केलेली मुलींची शाळा, आणि तिच्यावर एक कोरी चौकट. त्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो नाही, एवढेच ती चौकट सांगते. नानांनी तेथे एखादे काल्पनिक चित्र लावले नाही याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले.

यानंतर पट्टी आपल्या खऱ्या विषयाकडे येते, आणि तो विषय कापूस आहे. जळगावात बसून छायाचित्रणाचा इतिहास सांगताना हे ज्यांना सुचले त्यांची मला फार कदर वाटते. १८५१ च्या चौकटीजवळ एका काचेच्या बरणीत सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका ठेवलेला आहे. नाना तो ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवतात आणि विचारतात की याचा फोटोशी काय संबंध. उत्तर असे: कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवला की त्याचा स्फोटक कापूस होतो; श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये हे जाहीर केले. तो कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखा चिकट द्राव मिळतो, त्याला कोलोडियन म्हणतात. डॉक्टर तो जखमेवर लावत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये तोच द्राव काचेवर ओतला, ती काच चांदीच्या क्षारात बुडवली आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घातली. दागेर यांच्या पत्र्याची एकच प्रत निघे. टॅल्बट यांच्या कागदी निगेटिव्हच्या कितीही प्रती निघत, पण त्यात कागदाचे तंतू उमटत. काचेवर दोन्ही गुण एकत्र आले, म्हणजे रेषाही स्वच्छ आणि प्रतीही हव्या तितक्या. आर्चर यांनी पेटंट घेतले नाही. त्यांची कृती वापरून इतरांनी पैसा केला आणि ते स्वतः १८५७ मध्ये हलाखीत वारले.

या पद्धतीची अडचण तिच्या ओलेपणात होती. काच वाळली की निकामी. म्हणून दहा-पंधरा मिनिटांत लेप, फोटो आणि धुणे हे सगळे उरकावे लागे आणि छायाचित्रकाराला डार्करूम बरोबर घेऊन हिंडावे लागे. रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धावर १८५५ मध्ये गेलेल्या रॉजर फेंटन यांनी दारू विक्रेत्याची घोडागाडी डार्करूम म्हणून नेली होती आणि उन्हाळ्यात त्या बंद गाडीत काम करणे त्यांना असह्य होई. तेथे त्यांनी सुमारे ३६० फोटो घेतले. त्यांच्या तोफगोळ्यांच्या दरीचे दोन फोटो पट्टीवर शेजारी आहेत: एकात रस्त्यावर गोळे विखुरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. जागा तीच, कॅमेरा तेथेच. गोळे आधी रस्त्यावर होते की नंतर ठेवले, हा वाद अजून होतो. नानांनी स्वतःचे मत न देता आम्हाला दोन्हींकडे पाहत ठेवले. आमच्या मे महिन्यात, चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत, कोलोडियनची काच किती वेळ ओली राहिली असती, असे रेल्वेतले ते गृहस्थ हिशेब करत राहिले. मुंबईत मात्र १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील जाणते छायाचित्रकार होते. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावून तेव्हा एकच वर्ष झाले होते.

१८५७-५८ येथे माझ्या मनातली सुरुवातीची नोंद जागेवर बसली. वरच्या ओळीत फेलिचे बेआतो यांनी लखनौच्या सिकंदरबागेचा घेतलेला फोटो आहे. पडक्या इमारतीपुढे मानवी हाडे पसरलेली. ती लढाई नोव्हेंबर १८५७ ची आणि बेआतो तेथे पोहोचले १८५८ मध्ये, म्हणजे फोटोत दिसते ती लढाई नाही, लढाईनंतर कित्येक महिन्यांनी कॅमेऱ्यापुढे मांडलेले तिचे स्मारक आहे. सिकंदरबागेवर चालून गेलेले सैन्य ज्यांना सोडवायला निघाले होते, त्या वेढ्यातील सेनापतींपैकी एक होते जेम्स औट्रम, तेच धरणगावचे. आणि खालच्या ओळीत भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्या उठावाची व ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात झालेल्या अंबापाणीच्या लढाईची नोंद, आणि तिच्यावरही कोरी चौकट. ज्या डोंगरातल्या भिल्लांना औट्रम यांनी पलटणीत घेतले होते, त्याच डोंगरात त्यांचे भाऊबंद इंग्रजांशी लढले. लखनौला कॅमेरा पोहोचला, अंबापाणीला पोहोचला नाही. आमच्या घरात 'सत्तावन्नचा फोटो' असण्याची हौस कोठून आली असेल, ते मला या कोऱ्या चौकटीपुढे उमगले.

१८६१ पासूनची चार वर्षे, म्हणजे पट्टीवरचे तीन फूट, मी या सेवेचा सर्वोत्तम भाग समजते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षांत जळगाव खानदेशातील कापसाची मोठी पेठ म्हणून वर आले. वरच्या ओळीत, सप्टेंबर १८६२ मधील अँटिएटमच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर यांनी घेतलेले मृत सैनिकांचे फोटो. पुढच्याच महिन्यात ते न्यूयॉर्कला मॅथ्यू ब्रेडी यांच्या दालनात मांडले गेले आणि घरी बसलेल्या लोकांनी रणांगणावरची आपली माणसे मेलेली पाहिली. ते फोटो ज्या काचांवर घेतले त्यांच्यावर कापसाचाच थर होता. ज्या युद्धाने आमच्या पेठेत गाड्यांच्या रांगा लावल्या, त्या युद्धाचा चेहराही कापसावर उमटला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. नाना ही शेवटची गोष्ट सांगताना भिंतीकडे पाहत नाहीत. ज्याच्या घरी कापूस पिकतो त्याला ती पाहून सांगावी लागत नाही.

एवढ्या विचारी पट्टीवर मेजर रॉबर्ट गिल यांचे नाव नसावे, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथे काढली. लंडनला पाठवलेल्या त्यांच्या बहुतेक नकला डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ते छायाचित्रकारही होते. दोन डोळ्यांनी पाहण्याच्या स्टिरिओ पद्धतीने त्यांनी लेण्यांचे घेतलेले फोटो १८६४ मध्ये स्थापत्याचे अभ्यासक फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाले. १८७९ मध्ये ते वारले आणि त्यांची कबर भुसावळला आहे, या स्टुडिओच्या जिन्यापासून तासाभराच्या आतल्या वाटेवर. मी हे बोलले तेव्हा रेल्वेतल्या गृहस्थांनी कबरीची जागा सांगितली, नानांनी वहीत टिपून घेतले आणि चूक कबूल केली. १८७० नंतरचा भाग एकूणच घाईचा आहे. मॅडॉक्स यांची १८७१ ची कोरडी काच आणि मायब्रिज यांचा १८७८ चा धावता घोडा दोन वाक्यांत उरकतात. शेवट मात्र चांगला साधला आहे: १८८८ मध्ये वर ईस्टमन यांचा शंभर फोटोंचा रोल भरून विकलेला कोडॅक कॅमेरा, आणि खाली ११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांना मिळालेली 'महात्मा' ही पदवी.

भिंत संपली की गच्चीवर नेतात. हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली निळ्या छपाईची पद्धत तेथे प्रत्येकाच्या हाताने करून घेतात. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालाचे फोटो याच पद्धतीने छापून पुस्तक काढले. पट्टीवर त्यांची पाने आहेत आणि ती छपाई उत्तम आहे. लोखंडाच्या दोन क्षारांचा पिवळट हिरवा लेप दिलेला कागद अंधारात वाळवून ठेवलेला असतो. मी त्यावर कपाशीचे पान ठेवले, वर काच दाबली आणि उन्हात धरली. डिसेंबरचे ऊन असल्याने बारा मिनिटे लागली. कागद आधी करडा झाला, मग गंजल्यासारखा. पाण्याच्या ट्रेमध्ये सोडल्यावर पिवळा रंग वाहून गेला आणि पानाच्या पाच बोटांचा आकार पांढरा राहून भोवती निळे गडद होत गेले. अळीने खाल्लेल्या जागेची दोन भोके निळी उमटली. पानापेक्षा मला तीच जास्त आवडली.

आता आजीच्या फोटोविषयी. सत्राच्या शेवटी तो मला दिला गेला. घडी नाहीशी झाली होती, कोपरा असा भरला होता की शोधूनही सापडू नये, लुगड्याचे काठ स्वच्छ दिसत होते. मी आनंदाने तो घेऊन अमळनेरला मावशीकडे गेले. मावशींनी चष्मा लावला, फोटो दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "हाई मनी माय नही शे." म्हणजे, ही माझी आई नाही. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे गोंदण होते. कपाळावर चंद्रकोर आणि हनुवटीवर तीन टिंबे. संगणकावर पिवळे डाग पुसताना तीही डागच समजून पुसली गेली होती, आणि दुरुस्त चेहरा गुळगुळीत, अनोळखी आणि कोणाचाही झाला होता. ज्यांनी भिंतीवर कोऱ्या चौकटी कोऱ्याच ठेवण्याचा विवेक दाखवला, त्यांच्याच टेबलावर हे घडावे याचे मला अधिक दुःख झाले.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. संगणकाचे काम नानांची सूनबाई करतात. त्यांनी वाद घातला नाही. मूळ फोटोची त्यांनी जपून ठेवलेली मोठी स्कॅन प्रत उघडून त्या माझ्याबरोबर चेहऱ्याचा प्रत्येक ठिपका पाहत बसल्या: हा कागदाचा डाग, याची कड पसरट आहे; हे गोंदण, याची कड सुईची आहे आणि त्वचेच्या वळणाबरोबर वळते. एका टिंबाबद्दल आमचे एकमत होईना, तेव्हा मावशींना फोन लावला आणि त्यांनी ते टिंब कोणत्या बाजूला होते ते सांगितले. दीड तास लागला. नवी प्रत त्यांनी पैसे न घेता दिली आणि यापुढे गोंदण, देवीचे व्रण, कानाच्या फाटलेल्या पाळ्या यांची विचारणा फोटो घेतानाच करून कागदावर लिहून घेऊ, असे सांगितले. मी तेथे असतानाच पुढच्या ग्राहकाला त्यांनी तसे विचारले, हे मी स्वतः ऐकले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. सत्राचे माणशी ३०० रुपये, त्यात निळा कागद आला. दुरुस्तीचे माझ्याकडून ९०० रुपये घेतले; फोटोच्या अवस्थेप्रमाणे ते कमीजास्त होतात आणि आगाऊ सांगतात. जिना उंच व अरुंद आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सोबत न्यावी. पट्टीवरची अक्षरे बारीक आहेत आणि मधल्या बोळात उजेड अपुरा आहे. वाचायचा चष्मा विसरू नये. फोटो गुंडाळून नेऊ नयेत, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून न्यावेत. पिशवीतून काढताना जिलेटिनच्या, म्हणजे चित्राच्या, बाजूला बोट लागू देऊ नये. निळ्या छपाईचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून जुने कपडे घालावेत. आणि घरात फोटोतल्या माणसाला पाहिलेले कोणी हयात असेल, तर फोटोबरोबर त्यांनाच न्यावे. मावशींसाठी मी येत्या रविवारची जागा नोंदवली आहे. त्या वेळेपर्यंत गिल यांची चौकट लागलेली असेल, असे नानांनी सांगितले आहे.